हाक मारावी, पण फोडणी होऊ द्यावी



पहिली पोळी लाटायला घेतल्यापासून शेवटची तव्यावरून उतरेपर्यंत आपल्याला किती हाका येतात, हे तुम्ही कधी मोजलं आहे का? मोजू नका, उगाच रक्तदाब वाढायचा! ‘आई, माझा दुसरा मोजा कुठाय?’ ‘अगं, दारात रद्दीवाला उभा आहे.’ ‘सूनबाई, माझी सकाळची गोळी घेऊन झाली का गं?’ हाक मारणाऱ्याला आपले पिठाचे हात दिसत असतात, तरी हाक येतेच. घरातल्या बाईचं काम म्हणजे केव्हाही मध्येच थांबवता येणारं काम, असा एक समज घराघरांत मुरलेला आहे. त्याचं काय करायचं, हा या सदराचा विषय नाही. पण त्याच समजुतीचं एक नवं रूप आता आपल्या टेबलावर येऊन बसलंय, आणि ते मात्र या सदराच्या हद्दीत येतं.

घरच्या संगणकावर महिन्याचा हिशेब कसा ठेवावा, मुलांच्या फीच्या पावत्या कुठे साठवाव्यात, हे आपण मागे पाहिलं. त्यावर जी पत्रं आली, त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा होती. ‘हिशेबाला बसलं की पडद्याच्या कोपऱ्यातून काहीतरी टुणकन उडी मारतं. कधी म्हणतं नवा मेल आला, कधी म्हणतं अमुक दुकानात सेल लागला, कधी म्हणतं तुमचा संगणक ताजा करून घ्या. तोवर बेरीज कुठवर आली होती ते विसरायला होतं.’ खोपोलीच्या एका भगिनीनं तर लिहिलंय, ‘घरात तिघं हाका मारणारी होतीच, आता हा चौथा!’

या उड्या मारणाऱ्या चिठ्ठ्यांना इंग्रजीत नोटिफिकेशन म्हणतात. मी आपला साधा ‘निरोप’ हा शब्द वापरते. निरोप वाईट नसतो. तो कुणी, केव्हा आणि किती मोठ्यानं द्यावा, यातच सगळं आलं. आणि हे ठरवणं हे एक कसबच आहे, हे मला गेल्या पावसाळ्यात एका मेडिकलच्या दुकानात बसून कळलं.

झालं असं. आमच्या कर्जतच्या घराशेजारी एक मुलगी राहते. संगणकाच्या इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तिनं ओळखीतल्या एका मेडिकलसाठी छोटा कार्यक्रम लिहून दिला : बिलं करायची, शिल्लक माल मोजायचा, आणि एखादं औषध संपत आलं की तसा निरोप पडद्यावर द्यायचा. दुकान एक वहिनी चालवतात, स्वतः औषधशास्त्राची पदविका घेतलेल्या आहेत. मुलगी मोठ्या हौसेनं मला म्हणाली, ‘काकू, तुम्ही मराठीच्या बाई ना, निरोपांची भाषा जरा तपासून द्या.’ मी म्हटलं, भाषा मागाहून. आधी काउंटरच्या आत एक स्टूल टाक, मला नुसतं बघू दे.

संध्याकाळी सहानंतरची वेळ. कल्याणकडून आलेल्या लोकलचा लोंढा उतरून गावात पांगत होता. काउंटरवर चार माणसं, बाहेर पावसाची झड. वहिनी एका हातानं गोळ्यांच्या स्ट्रिप कापताहेत आणि दुसऱ्या हातानं बिल टाइप करताहेत. तेवढ्यात पडद्याच्या अगदी मधोमध एक मोठी चौकट. वर लाल अक्षरांत ‘सूचना! कृपया लक्ष द्या!’ आणि खाली बारीक अक्षरांत अमुक खोकल्याच्या औषधाच्या आठच बाटल्या उरल्या आहेत. ‘ठीक आहे’ हे बटण दाबल्याशिवाय चौकट हलायला तयार नाही. वहिनींनी एंटर दाबलं. दोन मिनिटांनी दुसरी चौकट. एंटर. मग ‘बिल साठवले गेले’. एंटर. तासाभरात मी अशा एकवीस चौकटी मोजल्या. शेवटच्या दहा त्यांनी वाचल्यासुद्धा नाहीत. नजर गिऱ्हाईकावर, आणि करंगळी आपोआप त्या कळीवर.

आणि मग ते घडलं. लहान मुलाच्या तापाच्या औषधाची बाटली बिलात घातली, चौकट आली, एंटर गेलं. बाटली पिशवीत पडणार, तेवढ्यात समोरच्या तरुण आईनं तळ उलटा करून पाहिला आणि म्हणाली, ‘वहिनी, याची तारीख तर मागच्या महिन्यातच उलटलीय.’ वहिनींचा चेहरा पांढराफटक. पुन्हा उघडून पाहिलं, तर संगणकानं ते सांगितलेलं होतं! त्याच मधल्या चौकटीत, त्याच लाल अक्षरांत, ‘कृपया लक्ष द्या’च्या खाली. पण वीस वेळा किरकोळ गोष्टीसाठी तसंच ओरडल्यावर एकविसाव्या वेळच्या ओरडण्याकडे कोण बघतं?

मुलगी रडकुंडीला आली. मला तिची दया आली, पण एक मात्र सांगते, दोष वहिनींच्या नजरेचाही नव्हता. माणसाचं मन असंच असतं. ज्या घरात आई दिवसभर एकाच पट्टीत ओरडते, त्या घरातली मुलं ‘अरे, गॅसजवळ जाऊ नको’ हेसुद्धा ऐकेनाशी होतात. आपल्याला हे सांगायला पुस्तक लागत नाही.

मग आम्ही तिघी दुकानाच्या मागच्या खोलीत चहा घेत बसलो आणि सगळे निरोप कागदावर मांडले. प्रत्येकापुढे एकच प्रश्न : हा निरोप दोन तास उशिरा कळला तर काय बिघडेल?

‘बिल साठवले गेले’ हा निरोप कळला नाही तर काहीच बिघडत नाही. बिल साठवलं जाणारच, त्यासाठी तर यंत्र आणलं. तो निरोप सरळ काढून टाकला. मोलकरीण प्रत्येक भांडं घासून झाल्यावर येऊन सांगत नाही. न घासलं गेलं तर सांगते. तसंच हे : बिल साठवलं नाही गेलं, तरच बोल.

औषध संपत आल्याचा निरोप हवा, पण घाईचा नाही. घाऊक विक्रेत्याचा माणूस दुपारी ऑर्डर घ्यायला येतो, तोवर कळलं की झालं. तेव्हा त्याची चिठ्ठी कोपऱ्यात, दोन ओळींची, आवाज नाही, बटण नाही. आपोआप येईल, आपोआप जाईल, आणि जाताना एका यादीत आपलं नाव लिहून ठेवील. दुपारी यादी उघडली की सगळी एकत्र. सात औषधं एकदम संपत आली, तर सात चिठ्ठ्या नकोत. ‘७ औषधं संपत आली’ अशी एकच.

कोपरा कुठला, यावरही बराच खल झाला. मुलीनं उजवा खालचा धरला होता, कारण बहुतेक संगणकांत निरोप तिथेच येतात. पण वहिनींच्या बिलाची एकूण रक्कम नेमकी तिथेच दिसते! आकडा चिठ्ठीखाली झाकला गेला की वहिनी माउस शोधत बसणार. म्हणून चिठ्ठी वरच्या उजव्या कोपऱ्यात नेली, जिथे नुसतं दुकानाचं नाव असतं. हे घरी बसून सुचलं नसतं. ज्याच्यासाठी करायचं, त्याच्या शेजारी स्टूल टाकूनच बसावं लागतं.

शब्दांचं काम माझ्याकडे होतं. ‘सूचना’, ‘कृपया’, ‘लक्ष द्या’ हे सगळं मी छाटलं, उद्गारचिन्हांसकट. ओळीतला पहिला शब्द वस्तूचं नाव असावा, म्हणजे तिरप्या नजरेनंसुद्धा वाचता येतो : ‘ओआरएस – १२ पाकिटं उरली.’ झालं. चिठ्ठी कशी यावी, यावर मुलगी म्हणाली, ‘सरकत आणते, छान दिसेल.’ पण नजरेच्या कडेला काही हललं की डोळा तिकडे ओढला जातोच. पाल दिसल्यावर आपण दचकतो ती तिच्या रूपाला नव्हे, तिच्या हलण्याला. म्हणून चिठ्ठी हलत यायची नाही, रांगोळी उमटावी तशी हळूच उमटायची. लाल रंग तिच्याकडून काढून घेतला आणि कुलूपबंद ठेवला.

तो लाल रंग कशासाठी? तारीख उलटलेल्या औषधासाठी. तिथे मधली चौकट हवीच, पण एंटरनं न हटणारी. बाटलीची ओळ बिलातून काढली, तरच बिल पुढे जाईल. आणि अशी चौकट कधी येईल? महिन्यातून एखादी. म्हणजे ती आली की वहिनी थांबणारच.

आवाजही एकाच गोष्टीला ठेवला. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, हे तुम्हाला सांगायला नको. वीज गेली की संगणक बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी संपत आल्याचं वहिनींना मागच्या फळीवरून औषध काढतानासुद्धा ऐकू यायला हवं. इन्सुलिनच्या फ्रिजचीही मग काळजी घ्यावी लागते, कारण ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. तिथे खुशाल भोंगा वाजू दे.

एक गोष्ट मात्र मुलीला पटवायला वेळ लागला. वहिनी टाइप करत असताना मध्येच चौकट उघडली, की त्यांनी दाबलेली पुढची अक्षरं बिलात न जाता चौकटीत जातात. म्हणजे प्रश्न वाचण्याआधीच उत्तर देऊन मोकळे! त्या संध्याकाळी निम्मी गडबड यामुळेच झाली होती. आपण पत्र लिहीत असताना कुणी हातातला कागद ओढून दुसरा ठेवावा आणि आपली सही नेमकी त्याच्यावर पडावी, तसंच हे. निरोपानं दिसावं, पण हातातलं काम हिसकावू नये. आता कोपऱ्यातली चिठ्ठी एक बिल संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या फटीतच उमटते. फोडणी ओतून होईस्तोवर थांबायचं, मग सांगायचं.

ही फट पकडण्याची युक्ती काही आमची एकटीची नव्हे, बरं का. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शमसी इक्बाल आणि ब्रायन बेली या संशोधकांनी हेच तपासून पाहिलं. निरोप कामाच्या सांध्यावर, म्हणजे एक तुकडा संपल्यावर दिला, तर माणूस कमी वैतागतो आणि निरोपाला उत्तरही लवकर देतो, असं त्यांना २००८ साली दिसून आलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या आयर्व्हाइन इथल्या प्राध्यापिका ग्लोरिया मार्क यांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर एक पाहणी प्रसिद्ध केली. ती वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसूनच राहिले. त्यांना वाटलं होतं, वारंवार अडथळा आला की काम लांबेल. उलट झालं! ज्यांच्या कामात व्यत्यय आणला, त्यांनी ते लवकर उरकलं, आणि कामाचा दर्जाही घसरला नाही. फक्त त्यांचा ताण वाढला, चिडचिड वाढली, वेळेचं दडपण वाढलं, तेच काम करायला जास्त जोर लावावा लागला.

पाहिलंत? बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? ‘किती चटपटीत आहे, सगळं कसं पटापट आवरते!’ आतून काय होतं, ते तिचं तिला ठाऊक. आठ वाजता डबे तयार असतात, म्हणून हाकांनी काही बिघडत नाही, असं सगळ्यांना वाटत राहतं. हिशेबाच्या वहीत ताणाचा रकाना नसतो. तेव्हा संगणकाच्या चिठ्ठ्यांबद्दल कुरकुर करणाऱ्या भगिनींना मी सांगेन, तुम्ही आळशी नाही आणि विसरभोळ्याही नाही.

निरोपाबद्दलचा सगळ्यात गोड प्रयोग मात्र याच्याही आधीचा आहे. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीची मोठी संशोधनशाळा होती. तिथल्या मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राऊन यांनी १९९५ साली ‘शांत तंत्रज्ञाना’वर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की यंत्रानं नेहमी आपल्या डोळ्यांसमोर उभं राहू नये. जाणिवेच्या कडेला असावं, गरज पडली की मध्ये यावं आणि पुन्हा कडेला जावं. त्याचं उदाहरण म्हणून त्यांनी नताली जेरेमिजेन्को या कलावतीची एक करामत दिली आहे. तिनं छताला एक छोटी विजेची मोटर लावली आणि तिला ८ फूट लांबीची प्लास्टिकची तार टांगली. मोटर जोडली होती संगणकांच्या जाळ्याच्या वायरीला. वायरीतून थोडी माहिती गेली की तार जराशी थरथरे, पुष्कळ गेली की गरगर फिरून घुमू लागे. बाजूच्या खोल्यांत काम करणाऱ्यांना मान वर न करताही कळे, आज जाळ्यावर गर्दी आहे की शांतता. ना चौकट, ना बटण!

वाचून मला हसूच आलं. आपला कुकर दुसरं काय करतो? डाळीला तीन शिट्ट्या आपण मोजत बसतो थोड्याच! कानाच्या कडेला त्या आपोआप मोजल्या जातात, आणि चौथी झाली की हात गॅसकडे जातो. आमच्या सासरच्या जुन्या घरात आजेसासरे माजघरात पाऊल टाकण्याआधी खाकरत. त्या एका खाकरण्यात ‘मी येतोय, सावरून घ्या, पण उठू नका’ एवढं सगळं असे. कालनिर्णय १९७३ पासून भिंतीवर टांगलेलं आहे. दुधाचे खाडे त्याच्यावर लिहिले जातात, चतुर्थी त्याच्यावर दिसते, पण ते कधी आपल्याला हाक मारत नाही. आपण त्याच्याकडे जातो. कर्जत स्टेशनजवळ राहणाऱ्यांचं तर विचारूच नका. घाट चढवायला गाडीला मागून इंजिन जोडतात, त्याच्या आवाजावरून गाडी आता सुटणार, हे घरबसल्या ओळखणाऱ्या आजी आमच्या आळीत आहेत.

म्हणजे हे शहाणपण घरात होतंच. संगणकवाल्यांना ते उमगायला बरीच वर्षं गेली. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये डोळे मिचकावणारी कागदाची टाचणी होती, आठवते का? ‘प्रिय’ एवढं लिहिलं की ती विचारी, ‘पत्र लिहिताय वाटतं? मदत करू?’ पाहुण्यांकडच्या आगाऊ मुलासारखी! लोक इतके कावले, की २००१ च्या आवृत्तीत ती आपण होऊन यायची बंद झाली आणि २००७ मध्ये तिला कायमचा नारळ मिळाला. पुढे २००९ च्या एप्रिलमध्ये उबंटू नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीनं दुसरं टोक गाठलं : निरोपाची काळसर, अर्धपारदर्शक चिठ्ठी, बटण एकही नाही. माउस तिच्यावर नेला की ती आणखी फिकट होई आणि खालचं काम करता येई. मला हे फार आवडलं. पण दूध बघायला स्वयंपाकघरात गेलेल्या बाईचं काय? ती परत येईपर्यंत चिठ्ठी विरून गेलेली! म्हणून निरोप विरला तरी यादीत राहावा, ही सोय हवीच. मॅक संगणकांवर ती २०१२ साली आली आणि विंडोजच्या दहाव्या आवृत्तीत २०१५ साली.

आता तुमच्या-आमच्या घरच्या संगणकाकडे येऊ. त्यातले निरोप आपण घडवत नाही, पण त्यांना शिस्त लावू शकतो. सध्या विंडोज ११ बऱ्याच घरांत आहे. दहावी आवृत्ती अजून पुष्कळांकडे चालते, पण तिची नेहमीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवली आहे. अकरामध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’वर जा. निरोप पाठवणाऱ्या सगळ्या मंडळींची नावं तिथे ओळीनं सापडतील, प्रत्येकापुढे एक खटका. मेडिकलमधला प्रश्न इथेही विचारा : दोन तास उशिरा कळलं तर काय बिघडेल? खरेदीच्या दुकानाचा निरोप दोन वर्षं उशिरा कळला तरी काही बिघडत नाही! खटका बंद. ज्यांचा आवाज नको पण चिठ्ठी हवी, त्यांच्या नावावर टिचकी मारली की आवाजाचा वेगळा खटका दिसतो. हिशेबाच्या किंवा उत्तरपत्रिका तपासण्याच्या वेळी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. निरोप येतील, पण गुपचूप यादीत जाऊन बसतील. काम झालं की विंडोजची कळ आणि एन एकदम दाबा, यादी समोर.

शिकवणाऱ्या भगिनींनी एक आणखी करावं. मी आठवड्यातून तीन दिवस खोपोलीला शिकवायला जाते. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत ती छोटी लोकल जाईपर्यंत आम्ही शिक्षिका बरंच काही बोलून घेतो. त्यातल्या एकीचा अनुभव. वर्गात भिंतीवर धडा दाखवताना तिच्या जावेचा व्हॉट्सॲप निरोप भिंतीएवढा मोठा होऊन उमटला. वाटणीच्या जमिनीचा मामला! चाळीस मुलांनी मोठ्यानं वाचला. त्याच ‘डू नॉट डिस्टर्ब’खाली ‘पडदा दुसरीकडे दाखवत असताना आपोआप चालू करा’ अशा अर्थाची खूण आहे, ती करून टाका. आणि संगणक बंद न करता उठून जायची सवय असेल, तर कुलूप लावलेल्या पडद्यावर निरोप दिसू नयेत, हीही खूण तिथेच आहे. बँकेचा सांकेतिक आकडा पाहुण्यांनी वाचायचं कारण नाही.

निम्म्याहून जास्त कटकट मात्र खुद्द विंडोजची नसते, ती येते संकेतस्थळांकडून. रेसिपी बघायला एखादं पान उघडलं की वर डावीकडे चौकट येते, ‘आम्हाला निरोप पाठवू द्याल?’ आपल्याला रेसिपी हवी असते, म्हणून आपण ‘अलाउ’ दाबून मोकळ्या. ते म्हणजे फेरीवाल्याला घराची किल्ली देणं झालं. मग तो कधीही येतो आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, ताबडतोब इथे दाबा’ असं ओरडतो. खरं आजार सांगणारं कुणी असं कोपऱ्यातून ओरडत नाही. तिथे मुळीच दाबू नका. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’ आणि ‘नोटिफिकेशन्स’ अशा वाटेनं गेलं की कुणाकुणाला किल्ल्या दिल्यात ते दिसतं. सगळ्या परत घ्या.

इतकं सगळं बंद करायला सांगितल्यावर आता एक चालू ठेवायला सांगते. आणि हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर खालापूर तालुक्यातलीच एक वाडी आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. पायवाटेनं चढून जायची ठाकरांची वाडी, लोक झोपलेले. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत, आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. दरडीचा धोका असलेल्या गावांची जी सरकारी यादी होती, तीत या वाडीचं नावच नव्हतं. म्हणजे ज्या निरोपानं खरोखर आरडाओरडा करून माणसांना अंथरुणातून उठवायला हवं होतं, तो कुणी पाठवायचा ठरवलेलाच नव्हता.

त्याच २०२३ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं देशभर टप्प्याटप्प्यानं एक चाचणी घेतली. तुमच्याही घरी फोन एकाएकी किंचाळले असतील. ‘हा नमुना संदेश आहे, काही करू नका’ असा मजकूर होता. पुष्कळांनी वैतागून तो आवाज कसा बंद करायचा, तेवढंच शोधलं. कृपा करून तसं करू नका. यात मनोऱ्यावरून त्या भागातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश जातो. त्याला तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. दरड, पूर, विषारी वायू असं काही आलं, तर सांगणारा तोच. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट्स’ शोधून ते चालू आहेत ना, एवढं बघा. संगणकावर बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याची सवय चांगली आहे, पण मुसळधार पावसाच्या रात्री तो उशाशी असू द्या. विजा चमकण्याच्या दिवसांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲपही जवळ ठेवा. शेतावर जाणारं कुणी घरात असेल तर जरूर.

मेडिकलच्या वहिनींच्या पडद्यावर दिवाळीपर्यंत लाल चौकट दोनदा आली. दोन्ही वेळा त्या थांबल्या. मुलीला प्रकल्पात गुण चांगले पडले, पण परीक्षकांनी म्हणे विचारलं, ‘यात दिसण्यासारखं काहीच नाही, एवढे दिवस काय केलंस?’ तिनं काय उत्तर दिलं, ते तिनं मला सांगितलं नाही.

जाता जाता नेरळच्या एका भगिनीच्या पत्राला उत्तर. तुमच्या सासूबाई निवृत्तीनंतर संगणकावर भजनं ऐकतात, पण मोतीबिंदूमुळे कोपऱ्यातला निरोप वाचून होण्याआधी नाहीसा होतो, असं तुम्ही लिहिलंय. नेहमीचा मुक्काम पाचच सेकंदांचा असतो. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’ इथे जाऊन तो वाढवता येतो, अगदी पाच मिनिटांपर्यंत. तुम्ही तीस सेकंद करून बघा. अक्षरं मोठी करायची सोय त्याच पानाच्या शेजारी आहे. पुढच्या आठवड्यात प्रिंटरची शाई इतक्या लवकर का संपते, ते पाहू.